गिरावीनचं मतदान, गाजरासकट

अख्ख्या ऑस्ट्रेलियात मतदानाचं मशीन पास की नापास हे ठरवण्याचा अधिकार मिळालेला मी एकमेव कऱ्हाडकर. छाती फुगवून सांगतो. आता फुगवलीच आहे तर थोडी हवाही सोडतो. मशीन होतं आमच्या गिरावीनच्या ज्येष्ठ मंडळाचं, मतदार होते तिसाच्या आत, आणि मला नेमलं ते एवढ्याचसाठी की मंडळात इंजिनियर नसलेला दुसरा पुरुष सापडेना. मी नववी नापास. कऱ्हाडला मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा केला, म्हातारपणी मुलाने सिडनीला आणलं. या शिक्षणाचा इथे असा उपयोग होईल हे आमच्या मास्तरांना कळलं असतं, तर त्यांनी मला आठवीतच नापास केलं असतं.

कोविडच्या दिवसांत आमच्या घरात दोन गोष्टी साठल्या : आईस्क्रीमचे रिकामे डबे आणि किस्से. डबे सुनेने एक दिवस पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकून दिले. किस्से टाकता येईनात. एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. तर पडलेत तसे सांगतो.

\*

आमचं मंडळ म्हणजे दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये जमणारे म्हातारे-म्हाताऱ्या. हॉलमध्ये खुर्च्यांचा गोल, त्यात आम्ही पुरुष. हॉलला लागून किचन, त्यात बायका. चहा, पोहे, मग भांडी. भांडी संपली की मीटिंग संपायची, किंवा मीटिंग संपली की भांडी संपायची. कुणाचं आधी संपतं याचा शोध कधी कुणी घेतला नाही.

अध्यक्ष परांजपे साहेब. पुण्याचे, निवृत्त इंजिनियर. मंडळ निघालं तेव्हापासून तेच. दरवर्षी निवडणूक व्हायची ती अशी : साहेब विचारायचे, "कुणाची हरकत?" आम्ही टाळ्या वाजवायचो. झाली निवडणूक.

कोविड आला, हॉलला कुलूप लागलं आणि मीटिंग स्क्रीनवर आली. स्क्रीनवर सगळं होतं, फक्त किचन नव्हतं. ज्याचा त्याचा चहा ज्याच्या त्याच्या घरी. त्यामुळे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा बायका पहिल्यापासून शेवटपर्यंत मीटिंगला बसल्या. आमची ही, सिंधू, माझ्या शेजारीच बसली होती, चष्मा पुसून, वही घेऊन.

त्या दिवशी आम्ही तासभर दोन विषयांवर बोललो. एक, मागच्या मीटिंगचा वृत्तांत आधी वाचायचा की आधी मंजूर करायचा. दोन, हॉल उघडेल तेव्हा खुर्च्या गोल मांडायच्या की रांगेत. दुसऱ्या विषयावर तर दोन गट पडले. शेवटी साहेबांनी दोन्ही विषय पुढच्या मीटिंगवर ढकलले आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का?

सिंधूने वही मिटली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"म्हणजे काय, वहिनी?"

"काही नाही, साहेब. आम्हाला वाटायचं तुम्ही बाहेर काहीतरी महत्त्वाचं बोलताय. म्हणून आम्ही भांडी हळू घासायचो."

स्क्रीनवरच्या सगळ्या बायका एकदम हसल्या. आवाज बंद ठेवला होता म्हणून ऐकू आलं नाही, पण चौकोन हलताना दिसले. पुढच्या शनिवारी सिंधूने जाहीर केलं की अध्यक्षपदाला ती उभी राहणार.

मला वाटलं, चेष्टा करतेय. आमच्या घरात चेष्टा करायचा मक्ता माझ्याकडे. म्हणून दुसऱ्या दिवशी कपडे घडी करताना विचारलं. तिने माझ्या पायजम्याची घडी घातली आणि सांगितलं, हॉल उघडला की एक शनिवार पुरुषांनी चहा करायचा, एक शनिवार बायकांनी. एवढा एकच ठराव तिला पास करून घ्यायचा होता. आजवर तीनदा मांडायला गेली होती म्हणे, तिन्ही वेळा 'वेळेअभावी' पुढे ढकलला.

"विषय काय घ्यायचा ते अध्यक्ष ठरवतो," ती म्हणाली. "हॉल उघडायच्या आत जिंकले तर ठीक. नाहीतर परत ओटा आहेच."

मी म्हटलं, अगं, मला तर चहा करता येत नाही.

ती म्हणाली, तेही ठरावात घालते.

\*

आता मतदान करायचं कसं? हॉल बंद, म्हणजे टाळ्या बंद. घरबसल्या ऑनलाइन मत द्यावं तर म्हाताऱ्यांची मतं नातवंडांनी दिली असती, आणि नातवंडांनी कुत्र्याला निवडून दिलं असतं. अशा वेळी काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक ग्रँट निघाली. कोविडमध्ये सुरक्षित मतदान करायचं असेल तर लहान मंडळांना मशीनसाठी मदत. अट एकच : जेवढं तुम्ही घालाल तेवढंच आम्ही घालू. तुम्ही शून्य घातलं तर आम्हीही शून्य.

मंडळाच्या तिजोरीत वाढदिवसांच्या केकपुरते पैसे. पण काउन्सिलची मिशेल फार गोड बाई. ती स्क्रीनवर आली आणि म्हणाली, रोकडच हवी असं नाही, वस्तू चालेल, सभासदांनी फुकट केलेलं कामही चालेल. त्याची आम्ही किंमत धरू. नो वरीज.

वस्तू म्हटल्याबरोबर गोडबोले पुढे सरसावले. हे मुंबईचे इंजिनियर, आणि पुण्याच्या इंजिनियरने काही म्हटलं की त्याला हरकत घेणं हा त्यांचा व्यायाम. दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला होता त्या आठवड्यांत गोडबोल्यांनी त्याने गॅरेज भरून ठेवलं होतं. आता ते सगळे रोल मंडळाच्या वाट्याला धरा म्हणाले. मिशेलने विचारलं, मतदानात याचा उपयोग काय? गोडबोले म्हणाले, निकाल लागल्यावर हरलेल्याला डोळे पुसायला. मिशेल हसली, 'नो, मेट' म्हणाली आणि रोल नामंजूर केले.

मग परांजपे साहेबांनी आपला हुकमी पत्ता काढला. मंडळाने वर्षभरात घेतलेल्या मीटिंगा! प्रत्येक मीटिंगला इतके पुरुष, इतका वेळ, असं गुणून त्यांनी मोठा आकडा आणला होता. मिशेलने नियम दोनदा वाचला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, सॉरी, मीटिंग हे काम धरत नाहीत.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांची सगळी नोकरी त्यातच गेली होती.

ग्रँट हातची जाते असं दिसायला लागलं. तेवढ्यात मिशेलने जाता जाता विचारलं, तुमच्या मीटिंगला चहा-नाश्ता कोण करतं? बाहेरून मागवता का?

सिंधूला इंग्रजी समजतं पण बोलायची लाज वाटते. आमची नात इरा शेजारी होती, तिने दुभाष्याचं काम केलं. सिंधूने सांगितलं : किती जणी, आधी किती वेळ भाजी चिरायची, नंतर किती वेळ भांडी, कुणाच्या घरून गॅसची शेगडी यायची, टॉवेल कोण धुवायचं. मिशेल लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, बस, पुरे, तुम्ही सांगताय ते आमच्या ग्रँटच्या पुढे चाललंय.

असं आमचं मशीन चहाच्या जोरावर मंजूर झालं. साहेबांनी रीतसर भाषण केलं, सर्वांच्या सहकार्याने हे शक्य झालं वगैरे. सिंधू म्हणाली, "सर्वांच्या नाही, साहेब. ओट्याकडच्यांच्या."

\*

मशीन म्हणजे काय, एक टॅब्लेट. त्यावर दोन चौकोन, वर साहेबांचं नाव, खाली सिंधूचं. ज्याला मत द्यायचं त्याच्यावर बोट टेकवायचं. पिंग वाजतं, शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघते आणि डब्यात पडते. मशीनमध्ये मत एक, डब्यात चिठ्ठी एक. जुळलं की झालं.

ते तयार केलं परांजपे साहेबांनीच. आणि काउन्सिलचा नियम होता की मशीन कुणीतरी तपासून सही करून द्यावं, इंजिनियर असला म्हणजे झालं. साहेबांनी तिथल्या तिथे सही करून टाकली. गोडबोले म्हणाले, वा, नवराही घरचा आणि भटजीही घरचा! मग मी सही करतो. साहेब म्हणाले, मुंबईच्या माणसाने पुण्याचं मशीन तपासायचं म्हणजे मांजराने दूध तपासायचं. दोन शनिवार यात गेले.

तेवढ्यात मिशेलचा मेल आला, नियम अपडेट झालेत. तेव्हा सगळंच अपडेट व्हायचं. सकाळी मास्क लावा म्हणायचे, दुपारी बाहेर जाऊ नका म्हणायचे, संध्याकाळी जा पण उभ्याने खाऊ नका. मशीनचा नवा नियम असा : जुन्या सह्या रद्द. तपासणारा माणूस मशीन बनवणारा नको, उमेदवार नको, आणि इंजिनियर तर मुळीच नको. कसलंही तांत्रिक शिक्षण नसलेल्या साध्या मतदाराला ते न शिकवता वापरता आलं पाहिजे.

साहेबांनी हे वाचून दाखवलं. स्क्रीनवर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही म्हणतात. मला कळलं.

गोडबोले म्हणाले, "आबा, तुम्ही जन्मभर जे टाळलंत त्याचं आज चीज झालं."

माझी नेमणूक झाली. आठवड्याने परत अपडेट : तपासणारा उमेदवाराचा नातेवाईकही नको. आता आली का पंचाईत! साहेब म्हणाले, आबा बाद. गोडबोले म्हणाले, मग तपासायला परदेशातून अशिक्षित माणूस मागवायचा का, सीमा तर बंद आहेत. शेवटी मिशेललाच विचारलं. तिने सिंधूला सरळ प्रश्न केला, तुमचा नवरा तुमची बाजू घेईल असं तुम्हाला वाटतं का?

सिंधूने मराठीत पाच मिनिटं उत्तर दिलं. त्यात आमचं लग्न होतं, माझ्या आईने केलेली भांडणं होती, आणि उखाणा घेताना मी मागून तिला दुसऱ्याच मुलाचं नाव सुचवलं होतं तेही होतं. इराने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एका वाक्यात सांगितलं, "शी सेज, ही हॅज नेव्हर बीन ऑन हर साइड. नॉट वन्स."

"ओह," मिशेल म्हणाली, "दॅट्स परफेक्ट."

आणि मला खास सूट देण्यात आली.

\*

तपासणी गोडबोल्यांच्या गॅरेजमध्ये. दार उघडं, सगळे दीड-दीड मीटरवर, मागे टॉयलेट पेपरची भिंत. हातात अधिकार आला की माणूस कसा चेकाळतो ते मी त्या दिवशी स्वतःवर अनुभवलं. मी खुर्ची मागितली. मग उशी मागितली. मग म्हटलं, चला, आणा ते मशीन.

नियमाप्रमाणे मत देण्याआधी हाताला सॅनिटायझर. मी लावला आणि बोट टेकवलं. ओल्या बोटाला मशीन बधेना. दुसऱ्यांदा टेकवलं, त्याने भलतंच पान उघडलं. मी म्हटलं, नापास.

साहेब म्हणाले, हात वाळू द्या आधी. वाळेपर्यंत बसलो. वाळल्यावर गोडबोले म्हणाले, एवढ्या वेळात हात मांडीला लागला, परत सॅनिटायझर. लावला. परत ओलं. परत वाळवा. असं चार वेळा झालं. माझी बोटं अशी पांढरी पडली जशी घाटावर धुणं धुऊन आलोय. नापास.

मग रबरी हातमोजे आणले. हातमोज्यातलं बोट मशीनला दिसेना. मी आनंदाने ओरडलो, नापास! साहेबांना घाम फुटला. ते म्हणाले, कोपराने द्या. कोपराने दोघांनाही मत गेलं. मग गोडबोल्यांनी शास्त्रीय विचार करून सांगितलं की उघड्या कातडीचाच स्पर्श लागतो, आणि प्रात्यक्षिक म्हणून मास्क खाली करून वाकून नाकाने मत दिलं. पिंग वाजलं. पण साहेब म्हणाले, आपल्या बायकोने बोट टेकवायचं तिथे मुंबईच्या माणसाचं नाक आधी लागून गेलेलं, असलं मतदान त्यांच्या हयातीत होणार नाही.

मी तर रंगात आलो होतो. दर नापासाला कुणीतरी मला खूश करायला काही खायला आणून द्यायचं. गोडबोलेवहिनींनी शेवटी कोशिंबिरीसाठी काढलेली गाजरं समोर ठेवली. मी एक उचललं. म्हटलं, आता शेवटचा घाव घालावा. परीक्षकाच्या गंभीर चेहऱ्याने म्हटलं, उद्या एखादा म्हातारा गाजराने मत द्यायला आला तर? आणि गाजराचं टोक चौकोनावर टेकवलं.

पिंग.

चिठ्ठी छापून डब्यात पडली. मी परत टेकवलं. पिंग. पाहिजे त्या चौकोनावर, पाहिजे तेव्हा, एकदाही न चुकता. पाणी असतं ना गाजरात, म्हणून. हे गोडबोल्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा तेही गाजराकडे बघत बसले होते.

माझी सगळी मजा गेली. मशीन पास करावं लागलं. सही करायच्या सर्टिफिकेटवर साहेबांनी अट लिहिली : प्रत्येक मतदारास एक स्वतंत्र गाजर, सोललेले. गोडबोल्यांनी हरकत घेतली की गाजरं एकाच लांबीची हवीत, नाहीतर निवडणूक समान संधीची राहत नाही. ती हरकत मंजूर झाली. निवडणुकीत लोकांना नुसतं गाजर दाखवतात. आमच्याकडे हातात दिलं.

\*

प्रचाराचे दिवस मला सगळ्यात मानवले. या देशात मत दिलं नाही तर दंड होतो. आमच्या मंडळानेही दंड ठेवला : जो मत देणार नाही त्याने परांजपे साहेबांचे न्यूझीलंडच्या सहलीचे सगळे फोटो, त्यांच्या माहितीसकट, पाहायचे. ज्यांना गुडघ्यांमुळे येता येणार नव्हतं त्यांचेही गुडघे त्या दिवशी बरे झाले.

मी माझं मत साहेबांना देतो म्हणालो. उघडउघड. त्यांनी दारात श्रीखंडाचा डबा ठेवला. मग मी म्हटलं, अजून नक्की नाही. दुसरा डबा आला. मग शेजारच्या जोशीवहिनींना सांगितलं की मी सिंधूला देणार असं माझ्या मनात येतंय, पण मन कमजोर आहे. त्यांनी करंज्या पाठवल्या. एका आठवड्यात माझं मत चार घरी विकलं गेलं आणि माझी शुगर वाढली. वेस्टमीडच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या मुलाने रिपोर्ट पाहून विचारलं, बाबा, हे काय? मी म्हटलं, लोकशाही.

सिंधूने यात लक्ष घातलं नाही. ती रोज दुपारी फोन घेऊन मागच्या अंगणात जायची. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली खुर्ची टाकायची आणि एकेकीला फोन करायची. मी खिडकीत कान लावला, वाटलं ठरावाचं भाषण असेल. तर ती विचारायची, गुडघा कसा आहे, नातवाची परीक्षा झाली का, तिकडे गावी सगळे बरे आहेत ना. एका बाईचा भाऊ तिकडे वारला होता आणि तिला जाता येत नव्हतं. तिच्याशी सिंधू अर्धा तास काही न बोलता नुसती फोन धरून बसली. मत द्या, असं मी तिला एकदाही म्हणताना ऐकलं नाही.

मी आत आल्यावर चिडवलं, प्रचार असा करतात होय? मला बघ, श्रीखंड आलं.

ती म्हणाली, "मी इतकी वर्षं तुम्हाला दोन वेळचं वाढलं. ते प्रचारात धरलं असतं तर आजवर पंतप्रधान झाले असते."

फक्त एकदा मी तिला घाबरलेली पाहिली. हॉल महिन्याभरात उघडणार अशी बातमी आली तेव्हा. सगळे खूश, ग्रुपवर फुलं आणि टाळ्या. साहेबांनी लगेच लिहिलं, पहिल्या शनिवारी बटाटेवडे होऊन जाऊ देत. खाली अकरा पुरुषांनी अंगठे दाखवले. सिंधूने ते वाचून फोन पालथा ठेवला. रात्रीची भाजी निवडायला बसली, आणि निवडलेली भाजी परत निवडत राहिली.

\*

आता शेवटचा.

मतदानाचा दिवस. इथे मतदान म्हटलं की बाहेर सॉसेज भाजायचा वास हवा. आम्ही शाकाहारी, म्हणून गोडबोल्यांनी फूटपाथच्या कडेला बटाटेवड्यांची कढई मांडली. परांजपे साहेबांनी अट घातली की मत दिल्याशिवाय वडा नाही, आणि वडा दिला तो मतासाठी दिला असं कुणी म्हणू नये. मतदार गाडीतून यायचे, गॅरेजच्या दाराशी नाव नोंदवायचे, सोललेलं गाजर घ्यायचे, एकटे आत जायचे. पिंग. मग गाजर खात बाहेर. एका आजींनी मत द्यायच्या आधीच गाजर खाल्लं. त्यांना दुसरं द्यायचं की नाही यावर साहेब आणि गोडबोल्यांनी फोनवर मिशेलचा सल्ला घेतला.

मीही गेलो. साहेबांनी दारातूनच डोळा मारला, श्रीखंडाची आठवण म्हणून. मी गाजर कपाळाला लावून नमस्कार केला आणि आत गेलो. पिंग. बाहेर आलो, दोन वडे खाल्ले.

आर्व्होला निकाल. सगळे गॅरेजसमोरच्या गवतावर, लांब लांब खुर्च्या टाकून. उमेदवार धरून एकोणतीस मतं. गोडबोल्यांनी मशीन उघडलं, चष्मा वर केला, खाली केला.

"परांजपे चौदा. सिंधूताई पंधरा."

बायकांनी जो आवाज केला तो कऱ्हाडला माझ्या लाउडस्पीकरनेही कधी केला नाही. शेजारचा ऑस्ट्रेलियन कुंपणावरून डोकावून विचारायला लागला, ऑल गुड, मेट? परांजपे साहेब उठून उभे राहिले. हरलेल्या माणसाने चेहरा कसा ठेवावा याची त्यांना सवय नव्हती, पण त्यांनी बरा ठेवला. दुरूनच हात जोडून म्हणाले, वहिनी, अभिनंदन.

सिंधू उठलीच नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "थांबा. परत मोजा."

गोडबोल्यांनी परत चष्मा वर केला.

साहेब म्हणाले, "वहिनी, फेरमोजणी हरलेला मागतो. तुम्ही जिंकलात."

"पण मला चौदाच पाहिजेत," ती म्हणाली. "मला माहितीये माझे चौदा कोण ते. पंधरावं कुठून आलं?"

जोशीवहिनी तिच्या पदराला ओढायला लागल्या, अगं बस गं खाली, आलं कुठूनही. एका मताचा तर प्रश्न होता, ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर साहेब परत अध्यक्ष आणि ठराव परत वेळेअभावी. सगळ्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण सिंधू ऐकेना. म्हणाली, उद्या कुणी म्हणेल मशीनच्या घोळाने निवडून आली. मग ठरावालाही तेच म्हणतील. डबा उघडा.

गोडबोल्यांनी डबा उपडा केला. चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, साहेबांनी स्वतः मोजल्या. चौदा आणि पंधरा. मशीनही बरोबर, डबाही बरोबर. साहेब म्हणाले, आता तरी मान्य करा, वहिनी. तिने मान्य केलं. मग बायकांनी तिला फुलांचा हार घातला, लांबून, काठीने.

घरी निघालो. गाडी सिंधू चालवते. इथे येऊन शिकली, मला अजून धीर होत नाही. हार गळ्यातच होता. ती मधूनच आपली बोटं मोजत होती, स्टिअरिंगवर. ग्रेट वेस्टर्न हायवेच्या सिग्नलला गाडी थांबली. मला वाटलं, ही वेळ बरी. जन्मात एवढं सरळ वाक्य मी तिच्याशी बोललो नसेन.

"अगं," मी म्हटलं, "ते पंधरावं मत माझं."

सिग्नल हिरवा झाला. तिने गाडी काढली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला, आणि इथे हॉर्न म्हणजे शिवीच. तिने मान वळवून माझ्याकडे नीट, चष्म्याच्या वरून पाहिलं.

"खरं सांगा," ती म्हणाली, "गाजर घसरलं ना?"